पोकरमधला ‘ब्लाइंड’ : टेबलावरच्या सगळ्यात तोट्याच्या खुर्चीचं गणित आणि नवा ऑनलाइन गेमिंग कायदा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि काही दिवसांतच पोकरबाजी, अड्डा५२ यांसारख्या ॲप्सनी पैसे लावून खेळण्याची सोय बंद केली. ॲप्स बंद झाली, पण माझ्याकडे येणारे प्रश्न काही बंद झाले नाहीत. उलट वाढलेच. मी राहतो मावळातल्या भाजे गावात. मळवली स्टेशनवरून लोहगडाकडे जाताना लागतं ते, लेण्यांचं भाजे. शनिवार-रविवारी इथले आणि लोणावळ्याकडचे भाड्याचे बंगले पुण्या-मुंबईच्या मंडळींनी भरतात. रात्री पत्ते निघतात, हल्ली त्यात पोकरच्या चिप्सचा डबाही असतो. बंगल्यांची देखभाल करणारी गावातली पोरं हा खेळ आधी लांबून बघतात आणि मग मोबाईलवर शिकतात.

त्यांच्या प्रश्नांपैकी एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : “दादा, ब्लाइंडवर बसलो की पैसे जातातच. तिथून खेळायचं कसं?”

प्रश्न दिसतो खेळाचा, पण त्याचं उत्तर शोधत गेलं की संगणकशास्त्र, खेळाचा धंदा आणि सध्या सर्वोच्च न्यायालयात असलेला ‘कौशल्य की नशीब’ हा वाद, असे तिन्ही धागे एकाच खुर्चीपाशी येऊन मिळतात. म्हणून आज ते सविस्तर समजून घेऊया.

ब्लाइंड म्हणजे नक्की काय? (तीन पत्तीतला नव्हे)

आपल्याकडे बहुतेकांना ‘ब्लाइंड’ हा शब्द तीन पत्तीतून माहीत असतो. दिवाळीत पत्ते न बघता चाल करायची, म्हणजे ब्लाइंड खेळायचं. तिथे न बघता खेळणाऱ्याला सवलत असते. पत्ते बघितलेल्याला त्याच्या दुप्पट रक्कम टाकावी लागते.

पोकरमध्ये अर्थ वेगळा आहे. इथे ब्लाइंड ही सक्तीची रक्कम आहे. टेक्सास होल्डम या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात प्रत्येक डावाला ‘बटन’ नावाची एक खूण टेबलाभोवती एक जागा पुढे सरकते. बटनच्या लगेच डावीकडचा खेळाडू म्हणजे स्मॉल ब्लाइंड, त्याच्या पुढचा बिग ब्लाइंड. पत्ते वाटण्याआधीच स्मॉल ब्लाइंडने समजा २५ रुपये आणि बिग ब्लाइंडने ५० रुपये टाकायचे. तीन पत्तीतला ‘बूट’ सगळे जण भरतात, इथे मात्र दोघांनाच भरावा लागतो आणि पाळी फिरत राहते. त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येक फेरीत एकदा स्मॉल आणि एकदा बिग ब्लाइंड व्हावंच लागतं.

हे कशासाठी? टेबलावर आधी काहीच पैसे नसते, तर प्रत्येकाने फक्त एक्क्यांच्या जोडीची वाट बघत बसणं हेच शहाणपण ठरलं असतं. ब्लाइंडमुळे पॉटमध्ये काहीतरी असतं, त्यासाठी भांडण होतं आणि खेळ पुढे सरकतो.

या खुर्चीवर सगळेच का हरतात?

कारण एक : पत्ते बघायच्या आधी पैसे गेलेले असतात. सहा जणांच्या टेबलावर तुम्ही प्रत्येक डाव सोडून दिला, तरी दर सहा डावांना दीड बिग ब्लाइंड जातो. म्हणजे १०० डावांत २५ बिग ब्लाइंड, आपल्या उदाहरणात १,२५० रुपये, काहीही न खेळता.

कारण दोन : पाळी. पहिले तीन पत्ते (फ्लॉप) उघडल्यानंतर बोली लावायला सुरुवात ब्लाइंडपासून होते. बटनवरचा खेळाडू सगळ्यात शेवटी बोलतो. तो तुमचं बघून ठरवतो, तुम्हाला मात्र त्याचं न बघता ठरवावं लागतं. बाजारात भाव आधी सांगणाऱ्याची जी अडचण, तीच इथे.

मग उत्तम खेळाडू तिथून जिंकत असतील का? इथे संगणकाने दिलेलं उत्तर ऐकण्यासारखं आहे. जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात मायकेल बोलिंग यांच्या गटाने ‘सेफियस’ हा प्रोग्राम जाहीर केला. दोन खेळाडूंचं लिमिट होल्डम, म्हणजे जिथे बोलीची रक्कम ठरलेली असते, तो प्रकार त्यांनी व्यवहारात जवळपास पूर्ण सोडवला. माणसाने आयुष्यभर खेळूनही ज्यातली चूक पकडता येणार नाही, इतका तो अचूक. दोघांच्या खेळात बटनवाला स्मॉल ब्लाइंड भरतो आणि समोरचा बिग ब्लाइंड. सेफियसने दाखवलं की दोघेही अचूक खेळले तरी बटनवाला दर १०० डावांत सुमारे ९ बिग ब्लाइंड जिंकतो. म्हणजे समोरचा, बिग ब्लाइंडवरचा, अचूक खेळूनही तेवढेच हरतो.

हा मुद्दा एकदा पक्का केला की पुढचं सगळं सोपं होतं. ब्लाइंडवरून खेळायचं ते जिंकण्यासाठी नव्हे, कमी हरण्यासाठी. बिग ब्लाइंडवर प्रत्येक वेळी पत्ते टाकणारा तिथल्या १०० डावांत १०० बिग ब्लाइंड हरतो. त्यापेक्षा जितकं कमी हराल, तितकं तुमचं कौशल्य. फायदा करायचा तो बटनवरून आणि त्याच्या आसपासच्या जागांवरून.

बिग ब्लाइंड : स्वस्तात मिळालेलं तिकीट, पण गाडी कुठे जाते ते बघा

उदाहरण घेऊ. ब्लाइंड २५ आणि ५०. बटनवरच्याने १२५ ला रेज केलं, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले. पॉटमध्ये आता १२५ + २५ + ५० = २०० रुपये आहेत. तुम्हाला कॉल करायला आणखी फक्त ७५ लागतात. शेवटी पॉट होईल २७५. म्हणजे ७५ भागिले २७५, सुमारे २७ टक्के. शंभरपैकी २७-२८ वेळा जिंकलात तरी कॉल फिटतो. यालाच ‘पॉट ऑड्स’ म्हणतात.

समोरच्याने १०० चं छोटं रेज केलं तर हाच आकडा २२ टक्क्यांवर येतो, १५० चं केलं तर जवळपास ३१ वर जातो. म्हणून पहिला नियम : रेज जितकं लहान, तितके जास्त डाव खेळायचे. टूर्नामेंटमध्ये सगळ्यांच्या वतीने एक बिग ब्लाइंड एवढा ‘अँटी’ पॉटमध्ये पडतो, तिथे छोट्या रेजला १८ टक्केच पुरतात. त्यामुळे टूर्नामेंटमध्ये बिग ब्लाइंडवरून बरेच डाव खेळावे लागतात. अती सावधपणा तिथे महाग पडतो.

पण इथेच नवखा फसतो. सात आणि दुरी, वेगवेगळ्या रंगांची, हे होल्डममधले सर्वात वाईट पत्ते समजले जातात. तरीही समोर एक्का-राजा असला तर पाचही पत्ते उघडेपर्यंत बसून राहिल्यास सात-दुरी ढोबळमानाने तीनात एकदा जिंकते! म्हणजे ३३ टक्के, आणि आपल्याला लागतात २७. मग कॉल करायचा का?

नाही. कारण पाचही पत्ते फुकट बघायला मिळत नाहीत. फ्लॉपवर समोरचा बोली लावणार, काहीच न लागलेल्या सात-दुरीला पळावं लागणार. कागदावरचे ३३ टक्के प्रत्यक्षात हाती येत नाहीत. पाळी आधी येणाऱ्याचा वाटा नेहमीच थोडा कापला जातो. उलट आठ-सात एकाच रंगाचे असतील तर फ्लश, स्ट्रेट अशा शक्यता असतात, बोली सोसून पुढे जाता येतं. दुसरा नियम म्हणून लक्षात ठेवा : ब्लाइंडवरून पत्त्यांचा आकडा किती मोठा यापेक्षा ते पुढे टिकणार का, हे महत्त्वाचं.

आणि उलट बाजूही बघा. बटनवाला १२५ लावतो ते ७५ चे ब्लाइंड उचलायला. १२५ भागिले २००, म्हणजे साडेबासष्ट टक्के वेळा दोन्ही ब्लाइंड पळाले, तर त्याला पत्ते बघायचीही गरज नाही. कोणत्याही दोन पत्त्यांवर त्याचा फायदा. म्हणून दोन्ही ब्लाइंडनी मिळून किमान साडेसदतीस टक्के वेळा प्रतिकार करायलाच हवा, आणि त्यातला मोठा वाटा बिग ब्लाइंडचा, कारण त्याला तिकीट स्वस्त आहे.

स्मॉल ब्लाइंड : अर्धे पैसे, दुप्पट अडचण

त्याच डावात स्मॉल ब्लाइंडला कॉलसाठी आणखी १०० लागतात. पॉट २०० चा, शेवटी ३०० चा. म्हणजे ३३ टक्के हवेत. वर बिग ब्लाइंड अजून बोलायचा आहे, तो पुन्हा रेज करू शकतो. आणि फ्लॉपनंतर सगळ्यात आधी बोलायचं तुम्हालाच. महाग तिकीट आणि सर्वात वाईट जागा.

म्हणून आजचे जाणकार नगद खेळात स्मॉल ब्लाइंडवरून शक्यतो दोनच गोष्टी करतात : पत्ते टाकणं किंवा पुन्हा रेज करणं, त्याला ‘थ्री-बेट’ म्हणतात. थ्री-बेट समोरच्या रेजच्या साधारण चौपट, कारण नंतर पाळी आधी येणार असेल तर स्वस्तात कॉल करू देणं परवडत नाही.

सगळ्यांनी पत्ते टाकले आणि फक्त दोन ब्लाइंड उरले, तर चित्र बदलतं. अर्धी रक्कम आधीच आत असल्यामुळे तिथे नुसतं पूर्ण करून पुढे जाणं, म्हणजे ‘लिंप’, चालतं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी ‘प्लुरिबस’ हा सहा जणांचा नो-लिमिट होल्डम खेळणारा प्रोग्राम ‘सायन्स’ मध्ये जाहीर केला. माणसांचा एकही डाव न बघता, स्वतःशीच खेळून तो शिकला. आणि तोही याच निष्कर्षाला आला : लिंप करणं तोट्याचं, अपवाद फक्त स्मॉल ब्लाइंडचा.

गंमत म्हणजे दुसरी एक जुनी समजूत त्याने मोडली. आधीच्या फेरीत ज्याने फक्त कॉल केला, त्याने पुढच्या फेरीत स्वतःहून बोली सुरू करू नये, असं खेळाडू मानत आले. अशा बोलीचं नावच ‘डाँक बेट’, म्हणजे गाढवाची बोली. ही वेळ ब्लाइंडवाल्यांवर सर्वात जास्त येते. प्लुरिबस मात्र माणसांपेक्षा कितीतरी जास्त वेळा अशी बोली लावत होता.

रेक, म्हणजे आपली नाल

जुगाराच्या अड्ड्यावर अड्डेवाला प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढतो, त्याला नाल म्हणतात. पोकरमध्ये त्याचं नाव रेक. समजा रेक ५ टक्के आहे. वरच्या उदाहरणात २७५ च्या पॉटमधून पावणेचौदा रुपये जातात, हाती येतात २६१. मग कॉल फिटायला २७.३ ऐवजी २८.७ टक्के हवेत. फरक छोटा वाटतो, पण ब्लाइंडवरचे बरेच निर्णय याच काठावरचे असतात. २८ टक्क्यांचे पत्ते रेक नसताना फायद्याचे आणि रेक असताना तोट्याचे.

बहुतेक ठिकाणी फ्लॉप उघडलाच नाही तर रेक घेत नाहीत. स्मॉल ब्लाइंडवरून कॉलऐवजी थ्री-बेट करण्यामागचं हेही कारण आहे : डाव तिथेच संपला तर नाल वाचते.

यातून धंद्याचं गणित कळतं. खेळाडूंचे पैसे एकमेकांत फिरतात, रेक मात्र टेबलावरून कायमचा उठतो. जितके जास्त डाव, तितकी जास्त वसुली. ॲपवर एकाच वेळी चार टेबलं उघडायची सोय, झटपट पत्ते टाकून पुढच्या टेबलावर नेणारे प्रकार, रेकवर मिळणारी ‘कॅशबॅक’, हे सगळं डावांची संख्या वाढवण्यासाठी. त्यावर १ ऑक्टोबर २०२३ पासून जमा केलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आणि १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस होताच. इतके वाटेकरी असताना फायद्यात राहणारे किती उरत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

सॉल्व्हर, बॉट आणि समोर कोण बसलंय हा प्रश्न

आज ब्लाइंडवरून काय खेळायचं याचे तयार तक्ते मिळतात. ते बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘सॉल्व्हर’ म्हणतात. मुळाशी कल्पना साधी आहे. संगणक स्वतःशी लाखो-कोट्यवधी डाव खेळतो आणि प्रत्येक निर्णयानंतर बघतो की दुसरं काही केलं असतं तर किती फायदा झाला असता. त्या ‘पश्चात्तापा’ची बेरीज ठेवतो आणि ज्या चालीबद्दल पश्चात्ताप जास्त, ती पुढे जास्त वेळा खेळतो. अल्बर्टा विद्यापीठाच्याच संशोधकांनी २००७ मध्ये मांडलेली ही पद्धत. सेफियस, २०१७ मध्ये चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवणारा लिब्राटस आणि प्लुरिबस, सगळे याच घराण्यातले.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. प्लुरिबसचा मूळ डावपेच ६४ कोअरच्या एका सर्व्हरवर आठ दिवसांत तयार झाला. भाड्याच्या क्लाउडवर त्याचा खर्च सुमारे १५० डॉलर होईल, असं संशोधकांनीच लिहिलं. त्यांनी कोड प्रसिद्ध केला नाही. पण रस्ता आहे हे जगाला कळलं. म्हणजे मोबाईलवर तुमच्यासमोर बसलेलं गोंडस टोपणनाव माणसाचं आहे, बॉटचं आहे, की एकाच खोलीत बसून एकमेकांचे पत्ते सांगणाऱ्या तिघांचं, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. मोठ्या परवानाधारक साइट्स खेळाच्या नोंदी तपासून असे प्रकार पकडायचा प्रयत्न तरी करतात. टेलिग्रामवरून मिळालेल्या ‘क्लब’मध्ये ते कोण करणार?

मग हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा?

आता कायद्याकडे. हा वाद आपल्याच मुंबई राज्यातून सुरू झाला. बंगलोरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातल्या शब्दकोडी स्पर्धांवर मुंबई सरकारने कर लावला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५७ च्या चमारबागवाला निकालातून जे तत्त्व रुजलं ते असं : जिथे यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून आहे, ती स्पर्धा जुगार नव्हे. १९६७ मध्ये सत्यनारायण खटल्यात रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं गेलं, कारण पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात. महाराष्ट्रात अजूनही लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतं.

पोकरवर मात्र न्यायालयांचं एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो कौशल्याच्या बाजूने घेतला, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगार ठरवला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा कौशल्याकडे कौल दिला.

मला विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या आहेत, फरक फक्त डावांच्या संख्येचा आहे. हिशेब करून बघू. समजा एक खेळाडू खरोखरच चांगला आहे आणि १०० डावांत सरासरी ५ बिग ब्लाइंड जिंकतो. नो-लिमिटमध्ये १०० डावांमागे चढ-उतार साधारण ९० बिग ब्लाइंडचा धरू. बंगल्यावरच्या रात्री आठ तासांत, तासाला ३० प्रमाणे, २४० डाव होतात. त्यात त्याच्या कौशल्याची कमाई १२ बिग ब्लाइंड, म्हणजे ६०० रुपये. आणि नशिबाचा झोका? जवळपास १४० बिग ब्लाइंड, म्हणजे ७,००० रुपये, इकडे किंवा तिकडे. हा चांगला खेळाडू शंभरपैकी ४६-४७ रात्री हरून उठणार. १०,००० डावांनंतरही त्याच्यासारख्या दहा जणांपैकी जवळपास तिघे तोट्यातच असतील. १,००,००० डावांनंतर मात्र शंभरात चारेकच.

म्हणजे लाखभर डाव खेळणाऱ्यासाठी हा कौशल्याचा खेळ. पगाराच्या दिवशी दोन तास बसणाऱ्यासाठी तो नशिबाचाच. न्यायालयात वकील पहिल्या माणसाबद्दल बोलतात, ॲपच्या जाहिराती दुसऱ्याला बोलावतात. वादाची खरी मेख इथे आहे.

नव्या कायद्याने ही गाठ सोडवली नाही, सरळ कापली. लोकसभेत २० ऑगस्ट २०२५, राज्यसभेत २१ ऑगस्ट आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती. त्यात ‘ऑनलाइन मनी गेम’ची व्याख्या करतानाच म्हटलं आहे की खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोन्हींचा, जिंकण्याच्या आशेने पैसे लावले की तो यात आला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि ५० लाखांपर्यंत. पैशांचे व्यवहार पुरवणाऱ्यालाही तीन वर्षं आणि एक कोटीपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सरकारच्या सांगण्यानुसार अशा खेळांत सुमारे ४५ कोटी लोकांचे वर्षाला २०,००० कोटींहून जास्त रुपये बुडत होते. कायद्याला वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत आव्हान दिलं गेलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रकरणं स्वतःकडे घेतली.

बंदीनंतर भाज्यासारख्या गावात काय बदललं?

कायद्याच्या आधी गावातल्या मुलाच्या मोबाईलवर केवायसी मागणारं, टीडीएस कापणारं, निदान पत्ता असलेलं ॲप होतं. आता त्याला ‘क्लब’चा कोड मिळतो. ॲप म्हणतं आमच्या चिप्स खोट्या, फक्त करमणुकीसाठी. पण क्लबचा एजंट यूपीआयवर पैसे घेऊन चिप्स देतो आणि आठवड्याच्या शेवटी हिशेब करतो. ओळखीतला असेल तर उधारीवरही देतो. ही उधारीच घातक आहे, कारण खिसा रिकामा झाला तरी खेळ थांबत नाही.

चिप्स खोट्या म्हणून कायदा लागू नाही, असं हे एजंट छातीठोकपणे सांगतात. कायद्याची भाषा वेगळी आहे. पैशांत बदलता येणारी क्रेडिट्स, कॉइन्स, टोकन्स हेही त्यात ‘स्टेक’ धरले आहेत. त्यामुळे गावातला जो मुलगा चार मित्रांचे पैसे गोळा करून कमिशन घेतो, तो स्वतःला खेळाडू समजत असला तरी कायद्याच्या नजरेत पलीकडच्या बाजूला जाऊ शकतो. खेळ चालवण्याचा आणि पैसे पुरवण्याचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

बंगल्यावरच्या खऱ्या पत्त्यांचं गणित आणखी वेगळं. तिथे १८८७ चा कायदा येतो आणि तो अड्डा चालवणाऱ्याबरोबर तिथे सापडलेल्या खेळणाऱ्यालाही सोडत नाही. जागा देऊन नाल घेणारा तर सरळ अडकतो. आणि बंगल्याची किल्ली ज्याच्या हातात, चौकशीही आधी त्याचीच होते. महाराष्ट्रात कायदेशीर कॅसिनो नाही. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. कायदेशीर टेबल हवं तर पणजीत मांडवीवरच्या जहाजांपर्यंत जावं लागतं.

बंदी चूक की बरोबर, यावर माझं मत असं : जाहिरातींचा मारा थांबला हे चांगलंच झालं. पण नोंद ठेवणारी दारं बंद झाल्यावर नोंद नसलेल्या खिडक्यांवर लक्ष कोण ठेवणार, याची तयारी तालुक्याच्या पातळीवर मला तरी दिसत नाही.

शेवटी, ब्लाइंडवरच्या खुर्चीतून शिकण्यासारखं

एका मुलाने मला विचारलं होतं, “बिग ब्लाइंडचे पन्नास तर माझेच आहेत ना? मग पत्ते टाकून ते सोडून कसे देऊ?” सगळ्या डावपेचांचं सार या प्रश्नात आहे. ते पन्नास टाकल्या क्षणी त्याचे राहिले नाहीत, पॉटचे झाले. आता विचार फक्त पुढच्या पंच्याहत्तरचा करायचा. गेलेले ‘वाचवण्यासाठी’ जो कॉल करतो, तो ब्लाइंडवर सर्वात जास्त हरतो.

हेच टेबलाबाहेरही खरं आहे. क्लबमध्ये वीस हजार गेले म्हणून ते काढायला आणखी दहा घालणं, त्यासाठी कर्ज देणाऱ्या ॲपचं दार ठोठावणं, हा तोच वाईट कॉल आहे, फक्त रक्कम मोठी. तुमच्या ओळखीत कोणी या अवस्थेत असेल तर तीन गोष्टी करा. एजंटचा नंबर आणि गट आजच बंद करा. फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड. आणि झोप उडाली असेल, घरात बोलता येत नसेल तर १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं.

खेळ म्हणून पोकर शिकायचाच असेल तर जरूर शिका. पैसे न लावता, शेंगदाणे नाहीतर काडेपेटीतल्या काड्या घेऊन मित्रांत बसा. पॉट ऑड्स काढा, बिग ब्लाइंडवरून कॉल करण्याआधी भागाकार करून बघा. शाळेत संभाव्यतेचा धडा ज्यांना कंटाळवाणा वाटला, त्यांना तो इथे तासाभरात कळतो. आणि काड्या हरून उठलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोणाचा फोन येत नाही.